राणी पाकोळी आणि परसातील लिंबू

पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे निघालेला रस्ता नेरे गाव ओलांडून पुढे मालडुंगे व धोदाणीच्या दिशेने जातो. या बाजूस भाताची खाचरे चढत चढत डोंगराच्या पायथ्याला भिडली आहेत आणि शेवटच्या बांधापलीकडे लगेच रान सुरू होते. भाद्रपदात पावसाची झड उघडून घटकाभर ऊन पडले, की या रानाच्या कडेने, गाढी नदीस मिळणाऱ्या एखाद्या ओहोळावरून, तळहाताहून मोठे असे काळे-निळे फुलपाखरू वेगाने येताना दिसते. ओल्या वाळूवर ते क्षणभर टेकते, पंखांची अर्धवट उघडझाप करते आणि माणसाची चाहूल लागताच झाडांच्या शेंड्यांवरून निघून जाते. खाचरात वाकून काम करणारी माणसेही अशा वेळी मान वर करून पाहतात. हीच राणी पाकोळी होय. काही ठिकाणी तिला निलवंत असेही म्हणतात. इंग्रजी पुस्तकांतून ती ब्ल्यू मॉर्मन या नावाने आढळते.

महाराष्ट्र शासनाने २०१५ साली या पाकोळीस राज्य फुलपाखरू म्हणून मान दिला. भारतात असा निर्णय घेणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य ठरले. शेकरू हा राज्य प्राणी, हरियाल हा राज्य पक्षी, आंबा हा राज्य वृक्ष व ताम्हण हे राज्य पुष्प अगोदरच ठरलेले होते. त्या मालिकेत राणी पाकोळीची भर पडली. आंबा व ताम्हण यांची ओळख कोकणातील शेतकऱ्यास करून द्यावी लागत नाही. शेकरू व हरियाल रानात जाणाऱ्यास ठाऊक असतात. या पाचव्या मानकऱ्याची ओळख मात्र अर्धीच झालेली आहे. पाकोळी सर्वांच्या परिचयाची आहे, पण तिची अळी कोणी ओळखत नाही. ती अळी पुष्कळदा घरामागच्या लिंबावर किंवा पपनसावरच वाढत असते आणि पाने खाणारी कीड म्हणून चपलेखाली चिरडली जाते. ज्या हाताने पाकोळी मुलांना कौतुकाने दाखविली, त्याच हाताने तिची प्रजा मारली जावी, हे अज्ञानामुळे घडते. सबब पाकोळीचे रूप व तिचा जीवनक्रम यांची माहिती करून घेणे शेतकऱ्यास अगत्याचे आहे.

पाकोळीचे रूप

पूर्ण वाढलेल्या राणी पाकोळीच्या पसरलेल्या पंखांची रुंदी १२० ते १५० मिलिमीटर, म्हणजे पाच ते सहा इंच भरते. महाराष्ट्रातील फुलपाखरांत तिच्याहून मोठे असे एकच, ते म्हणजे सदर्न बर्डविंग. पण त्याचा वावर मुख्यतः दक्षिणेकडील सह्याद्रीत आहे. नेऱ्याच्या आसपास एवढे मोठे निळे फुलपाखरू दिसले तर ते राणी पाकोळीच समजण्यास हरकत नाही.

तिचे पुढील पंख वरून मखमलीसारखे काळे असतात. त्यांच्या बाहेरील भागात, पंखांच्या शिरांमधील जागेत, फिकट निळ्या रेघा असतात व त्या सर्व मिळून एक तुटक पट्टा दिसतो. खरी शोभा मागील पंखांची. त्यांचा शरीराजवळचा भाग काळा व उरलेला बहुतेक भाग फिकट निळा असून त्या निळ्यावर काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतात. या कुळातील पुष्कळ फुलपाखरांच्या मागील पंखांस शेपटीसारखे टोक असते. राणी पाकोळीस तसे नसते, तिच्या पंखांची कडा केवळ नागमोडी असते. पंख मिटलेले असताना खालची बाजू दिसते. ती मळकट काळी असून पंखांच्या मुळाशी लाल ठिपके असतात. दुरून पाहणाऱ्यास हे ठिपके दिसत नाहीत, परंतु पाकोळी चिखलावर पंख मिटून बसली असता ते चांगले नजरेस येतात. मादी आकाराने मोठी असते व तिचा निळा रंग नराच्या मानाने फिका असतो. तेव्हा नाव राणीचे असले तरी उजळ पेहराव नराचाच आहे.

फुलपाखरास चिमटीत धरले असता बोटांस जी भुकटी लागते ती धूळ नसून पंखांवरील सूक्ष्म खवले असतात. घरावर कौले बसवावीत तसे ते एकावर एक बसविलेले असतात आणि पंखांवरील सारी नक्षी त्यांचीच असते. गेलेले खवले पुन्हा येत नाहीत. म्हणून पाकोळी हाताने धरण्याची सवय मुलांस लागू देऊ नये.

नर ओल्या जमिनीवर वारंवार उतरतात. नदीकाठची भिजलेली वाळू, पाणवठ्यावरील चिखल, गुरांच्या मुताने ओली झालेली जागा ही त्यांची आवडती ठिकाणे होत. फुलांतील मधात क्षार फारसे नसतात. ते, विशेषतः सोडियम, नर या ओलाव्यातून शोषून घेतात. मध पिण्यासाठी नर व मादी दोघेही जास्वंद, भूतकेस, इक्झोरा, घाणेरी अशा फुलांवर येतात. जास्वंदीवर येणारी पाकोळी मधासाठी आत सोंड घालीत असता तिचे पंख पुंकेसरांस घासतात व परागाची पिवळी पूड घेऊन ती पुढच्या फुलाकडे जाते.

राणी पाकोळी श्रीलंकेत व दक्षिण भारतात आढळते. सह्याद्रीच्या कडेने तिचा वावर उत्तरेस गुजरातपर्यंत आहे. विदर्भातही ती दिसल्याच्या नोंदी आहेत. पनवेलच्या दक्षिणेस असलेले, १९६८ साली जाहीर झालेले कर्नाळ्याचे अभयारण्य, माथेरानचे रान, इतकेच काय, पण मुंबईतील झाडीच्या बागासुद्धा तिला चालतात. वर्षभर ती कमी-अधिक प्रमाणात दिसते. तथापि पावसाळा व त्यानंतरचे दोन-तीन महिने हा तिचा खरा हंगाम.

नावाची कथा

या पाकोळीचे शास्त्रीय नाव पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर असे आहे. ते पीटर क्रॅमर या डच व्यापारी व कीटकसंग्राहकाने १७७५ साली दिले. त्यापूर्वी लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने मोठ्या फुलपाखरांस ग्रीक महाकाव्यांतील वीरांची नावे देण्याचा प्रघात पाडला होता. त्याने त्यांचे ट्रॉयचे वीर व ग्रीक वीर असे दोन तट केले आणि काळ्या रंगाची, छातीपाशी रक्तासारखे लाल डाग असलेली फुलपाखरे ट्रॉयच्या बाजूस घातली. पॉलिम्नेस्टर हा त्या कथेतील थ्रेस देशाचा राजा, ट्रॉयच्या राजाचा जावई. विश्वासाने सांभाळावयास दिलेल्या आपल्या मेहुण्यास त्याने ठार केले, अशी त्याची कीर्ती आहे. इतक्या देखण्या जीवास असे नाव मिळावे याचे नवल वाटते. मराठी नाव कितीतरी बरे. मात्र मराठीत एका चपळ लहान पक्ष्यासही पाकोळी म्हणतात, हे ध्यानात ठेवावे.

मॉर्मन हे नाव अमेरिकेतील एका धर्मपंथावरून आले. त्या पंथात पूर्वी एका पुरुषास अनेक बायका करण्याची मुभा होती. आपल्याकडे सर्वत्र आढळणाऱ्या कॉमन मॉर्मन या फुलपाखराची मादी तीन निरनिराळ्या रूपांत दिसते. जणू एका नराच्या तीन वेगळ्या बायका, म्हणून त्यास हे नाव पडले. राणी पाकोळीच्या मादीची अशी रूपे नाहीत. केवळ भाऊबंदकीमुळे तिच्याही वाट्यास ते नाव आले.

या कॉमन मॉर्मनची हकीकत मनोरंजक आहे. त्याच्या मादीचे एक रूप नरासारखे काळे-पांढरे असते. दुसरी दोन रूपे कॉमन रोझ व क्रिमसन रोझ या लाल ठिपक्यांच्या फुलपाखरांची हुबेहूब नक्कल करतात. ही फुलपाखरे विषारी वेलींवर वाढलेली असल्याने पक्षी त्यांस तोंड लावीत नाहीत, आणि नक्कल करणाऱ्या मादीसही त्या दहशतीचा लाभ मिळतो. हे वेषांतर एकाच जनुकाच्या ताब्यात असते, असे कृष्णमेघ कुंटे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले.

फुलपाखरांच्या अभ्यासाची पश्चिम किनाऱ्यावरील परंपरा जुनी आहे. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी एडवर्ड एटकेन हे साताऱ्यास जन्मलेले गृहस्थ मुंबई सरकारच्या जकात व मीठ खात्यात नोकरीस होते. डेव्हिडसन व बेल या दोन सहकाऱ्यांसह त्यांनी कारवारकडील फुलपाखरांवर लिहिलेला विस्तृत लेख १८९६ सालापासून सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या मंडळींचे वैशिष्ट्य असे की, जाळे घेऊन फुलपाखरे पकडण्यावर न थांबता त्यांनी अळ्या घरी आणून वाढविल्या व कोणती अळी कोणत्या झाडाचे पान खाते हे टिपून ठेवले. शेतकऱ्याच्या उपयोगाची माहिती नेमकी हीच. पुढे १९५७ साली सोसायटीने विंटर-ब्लाइथ यांचे भारतीय फुलपाखरांवरील पुस्तक प्रसिद्ध केले, तेही बराच काळ अभ्यासकांच्या हाती राहिले.

अंड्यापासून पाकोळीपर्यंत

राणी पाकोळीची मादी अंडी घालण्यापूर्वी झाड पारखून घेते. ती पानावर उतरून पुढच्या पायांनी पानास भराभर टिपके देते. तिच्या पायांस चव कळते. पान लिंबाच्या कुळातील आहे अशी खात्री पटली, तरच ती तेथे एक अंडे ठेवते व पुढे जाते. अंडे वाटोळे, फिकट रंगाचे व मोहरीच्या दाण्याएवढे असते. एका पानावर अंड्यांचा पुंजका कधी आढळत नाही. पुंजका असेल तर ती अंडी अन्य किडीची समजावी.

अंड्यातून बाहेर आलेली अळी प्रथम अंड्याचे टरफल खाते, मग पानाच्या कडेस लागते. वाढताना ती चार वेळा कात टाकते. कात टाकण्याच्या पहिल्या अवस्थांत तिचा रंग मळकट तपकिरी असून अंगावर पांढुरके डाग असतात. पानाच्या मध्यावर ती उघड्यावर बसलेली असते, पण पाहणाऱ्यास पानावर पक्षी शिटला आहे असेच वाटते. शेवटच्या अवस्थेत मात्र अळी एकदम हिरवीगार होते, तिच्या अंगावर तिरपे पट्टे दिसू लागतात व डोक्यामागील फुगीर भागावर डोळ्यांसारखे दोन ठिपके उमटतात. ते खरे डोळे नव्हेत. या कुळातील एका अळीवर जपानी संशोधकांनी केलेल्या व २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की, हा रंगबदल अळीच्या अंगातील एका संप्रेरकाचे प्रमाण घटल्यामुळे होतो.

अळीस काडीने डिवचले असता ती डोक्यामागून दुशिंगी, लालसर, मांसल अवयव झटकन बाहेर काढते व सडक्या लिंबासारखा उग्र दर्प सोडते. हे पाहून कित्येक जण ती विषारी असल्याचा समज करून घेतात. तो समज चुकीचा आहे. तिला दंश करता येत नाही व अंगावर खाजरे केसही नसतात. मुंग्या व लहान कीटक यांस भिवविण्यापुरतेच हे शस्त्र आहे.

वाढ पुरी झाली की अळी एखाद्या डहाळीवर स्थिर होते. शेपटाकडचा भाग रेशमाच्या गादीत रोवून ती कमरेभोवती रेशमी धाग्याचा फास घेते. माडावर चढणारा मनुष्य दोरीच्या आधाराने मागे रेलतो, तसा हा कोष डहाळीपासून किंचित सुटलेला दिसतो. हिरव्या डहाळीवर कोष हिरवा, तर वाळक्या काडीवर तपकिरी होतो. त्यातून यथाकाल पाकोळी बाहेर येते. सुरुवातीस तिचे पंख ओल्या फडक्यासारखे चुरगळलेले असतात. शिरांतून द्रव खेळला की ते पसरतात, मग वाळतात.

लिंबाची पाने खाणारा कोण?

आता मुख्य तक्रारीकडे वळावयास हवे. लिंबाचे वर्ष-दीड वर्षाचे रोप पावसात नव्या पालवीवर येते आणि आठवड्याभरात त्याच्या शिराच तेवढ्या उरतात, हा अनुभव नेऱ्यास काय अन् नागपुरास काय, सारखाच येतो. ज्याने विकत आणून चार रोपे लावली त्याच्या दृष्टीने हे नुकसान लहान नव्हे. त्याला राज्य फुलपाखराचे महत्त्व सांगून समाधान होणार नाही, आणि होऊही नये.

परंतु या नुकसानीचा मुख्य धनी राणी पाकोळी नसून लिंबावरील फुलपाखरू हे आहे. त्याचे शास्त्रीय नाव पॅपिलिओ डेमोलिअस. ते राणी पाकोळीच्या सुमारे दोन तृतीयांश आकाराचे असून काळ्या पंखांवर पिवळसर पांढरे वेडेवाकडे ठिपके विखुरलेले असतात. निळा पट्टा नसतो. मागील पंखाच्या आतील कोपऱ्यात एक विटकरी लाल ठिपका असतो. ते उघड्या, उन्हाच्या जागी खाली खाली उडते. लिंबू, मोसंबी, संत्रे, बेल, कढीपत्ता व बावची ही त्याची खाद्ये. उन्हाळ्यात अंडी तीन-चार दिवसांतच उबतात आणि वर्षातून चार-पाच पिढ्या सहज होतात. त्यामुळे रोपवाटिकेत त्याचा उपद्रव वाढत जातो. हे फुलपाखरू प्रवासातही तरबेज आहे. मुळात आशिया खंडातील व ऑस्ट्रेलियाकडील हे फुलपाखरू २००४ साली थेट वेस्ट इंडीजमधील डॉमिनिकन प्रजासत्ताकात आढळले व तेथून शेजारच्या बेटांवर पसरले.

राणी पाकोळी याच्या उलट सावलीची जागा पसंत करते. रानाच्या कडेचे, आंब्या-फणसाच्या छायेतील लिंबू किंवा पपनस तिला अधिक आवडते. तिच्या अळ्यांची संख्या थोडी असते आणि मोठ्या झाडाची चार-सहा पाने गेल्याने फळावर काही परिणाम होत नाही. दोन्हींच्या अळ्या लहानपणी इतक्या सारख्या दिसतात की नुसत्या डोळ्यांनी भेद करणे जाणत्यासही कठीण जाते. शेवटच्या अवस्थेत राणी पाकोळीची अळी अंगाने चांगलीच थोराड होते, एवढी एक खूण सांगता येते. खात्री करावयाची असल्यास अळी असलेली डहाळी पाण्याच्या बाटलीत खोचून ती जाळीखाली ठेवावी, रोज ताजी पाने द्यावीत व काय निघते ते पाहावे. बाटलीचे तोंड कापसाने बंद करण्यास विसरू नये, नाहीतर अळी पाण्यात पडून मरते. शाळेतील मुलांकडे हे काम सोपविल्यास ती ते मोठ्यांपेक्षा अधिक निष्ठेने करतात.

परसात पाच-दहा रोपे असणाऱ्याने फवारा काढण्याचे मुळीच कारण नाही. पालवी फुटण्याच्या दिवसांत सकाळी रोपांवरून एकदा नजर फिरवावी. पानावर पक्ष्याची शीट दिसली तर ती काडीने हलवून पाहावी. बहुधा ती चालू लागते! अशी अळी चिमटीने ओढू नये. ती रेशमाच्या धाग्यांत पाय रोवून बसलेली असल्याने तिला इजा होते. पानासह तोडून ती परसातील मोठ्या लिंबाच्या किंवा पपनसाच्या दाट पाल्यात ठेवावी. रोपावरच्या अळीने मोठ्या झाडावर खावे, एवढाच हा व्यवहार. त्यात रोपही वाचते व अळीही. मात्र लिंबावर वाढलेली अळी दुसऱ्या जातीच्या झाडावर सोडल्यास ती नवे पान स्वीकारीलच असे नाही, म्हणून शक्यतो लिंबाची लिंबावरच ठेवावी. याहून सोपा उपाय म्हणजे मच्छरदाणीच्या कापडाची खोळ करून पहिली दोन वर्षे पालवीच्या वेळी रोपावर चढविणे. मादीस पान सापडलेच नाही तर अंडीही नाहीत व अळीही नाही.

रोपवाटिकेतील हजारो रोपांस ही रीत पुरी पडणार नाही हे उघड आहे. तेथे अंडी व लहान अळ्या वेचून काढूनही प्रादुर्भाव राहिला तर पाच टक्के निंबोळी अर्काची किंवा बॅसिलस थुरिंजेन्सिस या जिवाणूच्या औषधाची फवारणी अळ्या लहान असतानाच करावी. ही औषधे तीव्र विषांच्या मानाने सौम्य असली तरी दोन फुलपाखरांच्या अळ्यांत ती भेद करीत नाहीत. म्हणून त्यांचा वापर रोपांपुरताच असावा, कडेच्या झाडोऱ्यावर फवारा मारू नये. तीव्र कीटकनाशकांनी तर आणखी एक हानी होते. या फुलपाखरांच्या अंड्यांत ट्रायकोग्रामासारख्या अतिसूक्ष्म गांधीलमाश्या आपली अंडी घालतात, टेरोमॅलस नावाची दुसरी एक माशी नव्या, मऊ कोषास भोक पाडते, आणि कोळी, प्रार्थना कीटक व पक्षी अळ्या उचलतात. विषाने हे फुकटचे राखणदार अगोदर मरतात. पानावर चांदीसारख्या नागमोडी रेघा दिसत असतील, तर तो नागअळीचा उपद्रव होय. त्याचा राग या अळ्यांवर काढू नये.

रानातले माकडलिंबू

राणी पाकोळीचे मूळ घर परसात नाही. माणसाने लिंबू लावण्यापूर्वीही ती होतीच आणि आजही तिची बरीचशी प्रजा रानातील माकडलिंबावर वाढते. हे झुडूप किंवा लहान झाड सह्याद्रीच्या उतारावरील दाट झाडीत, ओहोळांच्या काठी व देवरायांत आढळते. पान जाड, गर्द हिरवे, तकतकीत. चोळल्यास लिंबाचा वास येतो. बहुधा फांद्यांवर काटे असतात. फुले पांढरी व सुवासिक, आणि फळ म्हणजे गोटीएवढे हिरवे लिंबूच. पूर्वी या फळांचे तेल संधिवातावर चोळीत असत. याखेरीज त्याचा फारसा उपयोग नसल्यामुळे बांध साफ करताना त्यावर कोयता सहज चालतो.

पनवेलच्या आसपासच्या गावांत अलीकडे शेतघरे व बंगले पुष्कळ उठले. नेरेही त्याला अपवाद नाही. जमीन घेणारा प्रथम झुडपे काढून टाकतो, मग हिरवळ पसरवितो आणि शोभेची झाडे लावतो. फुलांची बाग केली म्हणजे फुलपाखरे येतात, असे त्यास वाटते. येतात खरी, पण पाहुण्यासारखी. फुलाने पाकोळीचे पोट भरते. तिच्या अळीस पान लागते, आणि तेही नेमक्या कुळाचे. ज्या परसात एक पपनस, एक लिंबू व कुंपणात दोन माकडलिंबे आहेत, तेथे शंभर गुलाबांच्या बागेपेक्षा राणी पाकोळी अधिक वेळा उतरेल. पपनसाचे झाड तर कोकणात तसेही हवेच असते, कारण गणपतीपुढे त्याचे फळ मांडावे लागते.

रायगडातील भातशेतीत राबासाठी कवळ तोडण्याची चाल आहे. ऐन-किंजळाच्या फांद्या उतरवून त्या वाळविल्या जातात व भाजवळीत त्या जाळून रोपासाठी जमीन तयार केली जाते. कवळाबरोबर बांधाकडेची सारी झुडपे सरसकट तोडली जातात, आणि माकडलिंबू त्यांतच जाते. तोडणाऱ्याने एखादे पान चोळून नाकाशी धरले तर झुडूप ओळखता येते. लिंबाचा वास आला की ते तसेच सोडावे. आगीची झळ लागणार नाही इतके अंतर राखून त्याच्याभोवती हातभर जागा साफ करून ठेवावी. त्याची पिकलेली फळे हाती लागल्यास बिया वाळू न देता पिशव्यांत टोकाव्यात. रोपे तयार झाल्यावर पहिल्या पावसात ओहोळाकाठी, सावलीच्या बाजूस, कुंपणाच्या ओळीत ती लावावीत. गुरे काट्यांमुळे त्यांस सहसा तोंड लावीत नाहीत.